‘हे नॉर्मल आहे, सर’ : नव्या एसयूव्हीतले दोष आणि मालकाचे हक्क

व्यवहारातल्या तर्कशास्त्रावरच्या आपल्या या व्याख्यानांत आज एक रोजच्या जगण्यातला विषय घेतला आहे. कुटुंबासाठी घेतलेली नवी कोरी एसयूव्ही सदोष निघाली, तर मालकाने काय करायचं? तत्त्वज्ञानाच्या मास्तरांना गाड्यांचं काय पडलंय, असं काहींना वाटेल. पण या विषयाच्या मुळाशी दोन अस्सल तात्त्विक प्रश्न आहेत. ‘दोष’ कशाला म्हणायचं? आणि तो आहे हे कशाने सिद्ध होतं? या दोन प्रश्नांची उत्तरं नीट न दिल्यामुळे चांगली बाजू असलेली माणसंही ग्राहक आयोगात हरतात.

आमच्या परिचयातलं एक कुटुंब आहे. कंपनीचं नाव आम्ही घेत नाही, त्याची गरजही नाही. आयुष्यभराची बचत आणि सात वर्षांचं कर्ज घालून त्यांनी ऑटोमॅटिक गिअरची एसयूव्ही घेतली. दुसऱ्याच महिन्यात गाडी चढावर थांबून निघताना हिसके द्यायला लागली. घाटात एकदा मागे घसरली, मागच्या सीटवर दोन लहान मुलं होती. वर्कशॉपमध्ये नेली, तर सांगण्यात आलं, ‘हे नॉर्मल आहे, सर. या मॉडेलचं कॅरेक्टरच तसं आहे.’ चार वेळा गेले, चार वेळा तेच ऐकून आले. पाचव्या वेळी त्यांनी आम्हाला विचारलं, ‘सर, नॉर्मल म्हणजे काय हो?’ प्रश्न अगदी योग्य होता. आजचं व्याख्यान त्याच प्रश्नाचं उत्तर समजा.

लिंबू दोन प्रकारचं

आपल्याकडे नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात. अमेरिकेत सदोष निघालेल्या गाडीलाच ‘लेमन’, म्हणजे लिंबू म्हणतात. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये या ‘लिंबांच्या बाजारा’वर एक निबंध लिहिला आणि पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की विकणाऱ्याला मालाबद्दल जे माहीत असतं ते घेणाऱ्याला नसतं आणि या विषमतेने बाजारच बिघडतो. अकरलॉफ जुन्या गाड्यांबद्दल बोलत होते. पण आजची नवी गाडी म्हणजे चाकांवरचा संगणक झाली आहे, त्यामुळे ती विषमता नव्या गाडीतही आली आहे. गिअरबॉक्समधल्या त्रुटीचा कोड वर्कशॉपच्या यंत्राला दिसतो, आपल्याला दिसत नाही.

अमेरिकेत १९८२ मध्ये कनेक्टिकट राज्याने पहिला ‘लेमन लॉ’ केला. मग इतर राज्यांनीही केले. ठरावीक वेळा दुरुस्ती करूनही मोठा दोष गेला नाही, तर गाडी बदलून द्या किंवा पैसे परत करा, असा त्यांचा साधारण आशय. तिकडे राहणाऱ्या आपल्या श्रोत्यांनी आपापल्या राज्यातला कायदा जरूर पाहावा. भारतात गाड्यांसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. आपला आधार आहे ग्राहक संरक्षण कायदा २०१९. तो जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याने १९८६ च्या कायद्याची जागा घेतली.

दोष म्हणजे काय?

या कायद्यातली दोषाची व्याख्या मुळातून वाचण्यासारखी आहे. आम्ही तिचा आशय आपल्या भाषेत सांगतो. मालाची गुणवत्ता, प्रमाण, परिणामकारकता, शुद्धता किंवा दर्जा यांत असलेली कोणतीही त्रुटी, उणीव किंवा कमतरता म्हणजे दोष. पण ही उणीव कशाच्या तुलनेत मोजायची? कायदा तीन मापं देतो. एक, कायद्याने ठरवलेला दर्जा. दोन, करारातला दर्जा, मग तो करार लेखी असो की गृहीत धरलेला. आणि तीन, विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे केलेला दावा.

आता ‘हे नॉर्मल आहे’ हे वाक्य या तीन मापांना लावून पाहा. वर्कशॉपच्या अनुभवात वारंवार दिसणारी गोष्ट, एवढाच इथे ‘नॉर्मल’चा अर्थ आहे. पण वारंवार घडणं आणि योग्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळ्या वर्गाने एकच गणित चुकवलं म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही. त्या मॉडेलच्या सगळ्याच गाड्या चढावर मागे घसरत असतील, तर त्याने दोष नाहीसा होत नाही. उलट दोष एका गाडीच्या जोडणीत नसून रचनेतच असावा, अशी शंका येते. कायद्याची व्याख्या हा दोष एका गाडीत आहे की सगळ्या गाड्यांत, असं विचारत नाही.

मात्र दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. आपल्याला न आवडलेली प्रत्येक गोष्ट दोष नसते. म्हणून नेहमीच्या तक्रारी एकेक करून तपासू.

नेहमीच्या तक्रारी

पहिली, गिअरबॉक्स. दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गाड्यांत, विशेषतः ज्यांचे क्लच कोरडे असतात त्यांत, रेंगाळत्या रहदारीत क्लच तापतात, कारण गाडी सतत अर्धवट क्लचवर सरकत राहते. पडद्यावर तापमानाचा इशारा येणं ही संरक्षणाची व्यवस्था आहे. पण तो इशारा रोजच्या साध्या वापरात वारंवार येत असेल, हिसके बसत असतील किंवा गाडी गिअर सोडून देत असेल, तर शहरात वापरण्यासाठी म्हणून विकलेली गाडी त्या वापराला उतरत नाही, असा युक्तिवाद करता येतो.

दुसरी, डिझेल गाडीतला काजळीचा फिल्टर. एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानकं आली आणि हा फिल्टर सर्वत्र दिसू लागला. तो धुरातली काजळी अडवतो आणि गाडी काही वेळ सलग वेगात चालली की सुमारे सहाशे अंश तापमानाला ती जाळून टाकतो. रोज तीन किलोमीटरवरच्या शाळेत मुलांना सोडून परत यायचं, एवढाच वापर असेल तर ही जाळण्याची क्रिया पुरी होत नाही. दिवा लागतो, गाडीची ताकद कमी होते. हा यंत्राचा दोष म्हणता येईलच असं नाही. पण तुमचा वापर ऐकूनही विक्रेत्याने ‘डिझेलच घ्या, काही होत नाही’ असं सांगितलं असेल, तर प्रश्न त्याच्या दाव्याचा होतो. मालाची गुणवत्ता आणि दर्जा याबद्दल माहिती मिळणं हा ग्राहकाचा कायद्याने मान्य केलेला हक्क आहे.

तिसरी, सनरूफमधून गळणारं पाणी. सनरूफच्या कडेने आलेलं पाणी कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली जाईल, अशी सोय केलेली असते. दोन वर्षं कडुनिंबाखाली उभी राहिलेली गाडी गळली, तर नळ्या पाल्याने तुंबल्या असतील. ती देखभालीची बाब. पण पहिल्याच पावसाळ्यात छताचं अस्तर ओलं झालं, तर तो सरळ दोष आहे. पाणी खाली उतरून वायरिंगच्या जोडण्यांत गेलं, की पुढचे विचित्र विद्युत बिघाड सुरू होतात. म्हणून ही तक्रार किरकोळ समजू नका.

चौथी, पडदा आणि सॉफ्टवेअर. पडदा काळा पडणं, मागचा कॅमेरा गोठणं, उभ्या गाडीची बॅटरी रात्रीत उतरणं, स्वयंचलित ब्रेक रिकाम्या रस्त्यावर लागणं. ‘अपडेट मारलंय’ हे यावरचं ठरलेलं उत्तर. अपडेट मारलं तर कोणतं मारलं आणि कशासाठी, हे लिहून घ्या. गाणी वाजत नाहीत ही गैरसोय आहे, पण मोकळ्या महामार्गावर गाडी आपोआप ब्रेक लावत असेल तर तो जिवाचा प्रश्न आहे.

मायलेजबद्दल थोडक्यात. जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेतल्या ठरावीक चाचणीचा असतो. रस्त्यावर तो मिळाला नाही, एवढ्यावर दावा उभा राहणं अवघड आहे.

सिद्ध कशाने होतं?

न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. थोडं ताणून म्हणायचं तर गाडीच्या खटल्यालाही हीच चार लागतात.

प्रत्यक्ष म्हणजे व्हिडिओ. दिवा लागलेला, हिसका बसलेला, गाडी घसरलेली, तारीख आणि किलोमीटरसह. हे चित्रीकरण शेजारी बसलेल्याने करायचं, चालवणाऱ्याने नव्हे.

अनुमान म्हणजे धुरावरून अग्नी. एकाच तक्रारीसाठी गाडी पाच वेळा वर्कशॉपमध्ये गेली आणि पाच वेळा तीच तक्रार परत आली, तर मूळ दोष गेलेला नाही असा निष्कर्ष निघतो. पण धूर कुठे दिसतो? जॉब कार्डवर. आमच्या त्या परिचितांची जॉब कार्डं आम्ही पाहिली, तेव्हा चारपैकी तिघांवर ‘जनरल चेकअप’ एवढंच लिहिलं होतं. म्हणजे कागदावर गाडीला काही झालंच नव्हतं! म्हणून जॉब कार्डवर तक्रार आपल्या शब्दांत लिहायला लावा, ‘चढावर निघताना गाडी मागे घसरते’ अशी. प्रत घ्या, गाडी परत घेताना काय काम केलं तेही लिहून घ्या. लिहायला नकार दिला, तर वर्कशॉपच्या दारातूनच कंपनीला आणि डीलरला ईमेल करा.

उपमान म्हणजे साम्यावरून कळणं. त्याच मॉडेलची शोरूममधली दुसरी गाडी त्याच चढावर, तितक्याच माणसांसह चालवून पाहा. तुमच्या गाडीत आणि तिच्यात फरक पडला, तर तोही नोंदवा.

आणि शब्द म्हणजे आप्तवचन, तज्ज्ञाचं मत. इथे बहुतेक प्रकरणं अडतात. मालाची चाचणी केल्याशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोग तो योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो आणि तिने ४५ दिवसांत अहवाल द्यावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. तपासणीचं शुल्क आधी तक्रारदाराला भरावं लागू शकतं. आपल्या पुण्यात एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे, शिवाय अभियांत्रिकी महाविद्यालयांतले वाहनतज्ज्ञ आहेत. आयोगाकडे अशी तपासणी मागण्याचा अर्ज तक्रारीबरोबरच द्या.

तज्ज्ञाचं महत्त्व किती, हे फियाट कंपनीविरुद्धच्या एका प्रकरणात दिसतं. इंजिनाच्या आवाजाची तक्रार होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं, की स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी होऊ द्या. त्याला अंगभूत उत्पादनदोष आढळला, तर ग्राहकाला किंमत व्याजासह परत मिळेल. सगळा निकाल त्या एका मतावर टांगलेला होता.

न्यायालयं काय म्हणतात?

अपेक्षा वास्तव असाव्यात म्हणून एक जुना निकाल सांगतो. २००६ मध्ये मारुती उद्योगच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की वॉरंटीची जबाबदारी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची आहे. तेवढ्यावरून अख्खी गाडी बदलून मागता येणार नाही. त्यामुळे ‘मला नवी गाडीच हवी’ अशी एकच मागणी करू नका. कायद्याने आयोगाला दोष दूर करणं, माल बदलणं, किंमत व्याजासह परत करणं, नुकसानभरपाई असे अनेक आदेश देता येतात. मागण्या क्रमाने, ‘हे नाही तर ते’ अशा मांडा.

आता दुसऱ्या बाजूचा निकाल, आणि तो एसयूव्हीबद्दलच आहे. दिल्लीच्या एका ग्राहकाने २०१५ मध्ये ह्युंदाई क्रेटा घेतली. २०१७ मध्ये दिल्ली-पानिपत महामार्गावर अपघात झाला आणि एअरबॅग उघडल्या नाहीत. कंपनीचं म्हणणं, समोरून बसलेला धक्का तितका जोराचा नव्हता. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव फेटाळला. धडकेचा वेग आणि बल यांचं गणित मांडणारा भौतिकशास्त्रज्ञ असण्याची अपेक्षा ग्राहकाकडून करता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. एअरबॅग आहे म्हणून ज्याने गाडी घेतली, त्याला समोरून धडक बसल्यावर ती उघडेल असंच वाटणार. भरपाईबरोबर गाडी बदलून देण्याचा आदेश कायम राहिला. व्याख्येतलं तिसरं माप, म्हणजे विक्रेत्याचा दावा, किती वजनदार असतो ते इथे दिसतं. माहितीपत्रक, जाहिरात, व्हॉट्सॲपवरचे सेल्समनचे संदेश फेकू नका. तो तुमच्या कराराचा भाग आहे.

आणि एक गोव्याचं प्रकरण. नवी म्हणून घेतलेली गाडी प्रत्यक्षात आधीच्या वर्षांत बनलेली आणि चाललेली निघाली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डीलरच्या या कृत्यासाठी टाटा मोटर्सला जबाबदार धरलं नाही, कारण कंपनीविरुद्ध नेमका आरोप आणि पुरावाच नव्हता. यातून दोन गोष्टी शिकायच्या. ताबा घेताना किलोमीटरचा काटा आणि उत्पादनाचा महिना-वर्ष तपासा. आणि तक्रारीत कंपनी व डीलर दोघांना पक्षकार करून कोणी काय केलं ते वेगवेगळं लिहा.

तक्रार कशी करायची?

आधी लेखी नोटीस, दोघांनाही, पंधरा दिवस किंवा महिन्याची मुदत देऊन. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते, बऱ्याचदा तिथेच तडजोड होते. नाही झाली, तर जिल्हा आयोग. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय. म्हणजे बहुतेक कुटुंबांची एसयूव्ही जिल्हा आयोगातच बसते. १० ते २० लाखांच्या गाडीसाठी शुल्क ४०० रुपये आहे, २० ते ५० लाखांसाठी १,०००. वकील नेमण्याची सक्ती नाही आणि तक्रार ऑनलाइन दाखल करता येते.

तुम्ही जिथे राहता किंवा काम करता, तिथल्या आयोगात तक्रार करता येते. सांगलीच्या माणसाला चेन्नईला किंवा गुरुग्रामला जावं लागत नाही. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५. प्रकरण तीन महिन्यांत, चाचणी लागली तर पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, ही तयारी ठेवा.

सर्वांत महत्त्वाची मुदत दोन वर्षांची. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत दाखल व्हायला हवं. ‘पुढच्या सर्व्हिसला बघू’ असं ऐकत ही दोन वर्षं निघून जातात. सुरक्षित हिशेब पहिल्या जॉब कार्डच्या तारखेपासून करा.

आणखी दोन पथ्यं. रागाने कर्जाचे हप्ते थांबवू नका, बँकेशी केलेला करार वेगळा आहे. आणि बाहेरून हॉर्न, दिवे किंवा म्युझिक सिस्टीम बसवताना वायरी कापू देऊ नका. कंपनीचा बचाव तिथूनच सुरू होतो.

दोष सगळ्यांच्या गाडीत असेल तर

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं. गाडीतल्या दोषाने पर्यावरणाला, आतल्यांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोका असेल, तर केंद्र सरकार ती गाडी परत बोलावण्याचा आदेश कंपनीला देऊ शकतं. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत आणि सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना ते लागतात. कंपन्या स्वतःहूनही गाड्या परत बोलावतात. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने एअरबॅग नियंत्रकाच्या तपासणीसाठी १७,३६२ गाड्या बोलावल्या, त्यांत ब्रेझा आणि ग्रँड विटारा होत्या. आपला चॅसी क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून हे पाहता येतं. पाच मिनिटांचं काम आहे. सरकारच्या वाहन पोर्टलवर अशा दोषाची तक्रारही जरूर करा, कारण किती मालकांनी तक्रार केली यावर पुढची कारवाई अवलंबून असते.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

प्रश्न : सर, गाडी कंपनीच्या नावावर घेतली असेल तर ग्राहक म्हणून तक्रार करता येते का?

व्यापारी हेतूने घेतलेला माल असेल तर नाही. पण हेतू नावावरून ठरत नाही, वापरावरून ठरतो. मर्सिडीजच्या प्रकरणात २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संचालकाच्या वैयक्तिक वापरासाठी कंपनीने घेतलेली गाडी व्यापारी हेतूची मानली नाही. स्वतः चालवून त्यावर पोट भरणारा टॅक्सीवालाही ग्राहकच आहे.

प्रश्न : तुमच्या त्या परिचितांचं पुढे काय झालं?

त्यांनी पाचव्या वेळी जॉब कार्डवर तक्रार पूर्ण लिहून घेतली, व्हिडिओ जोडला आणि दोघांना नोटीस पाठवली. तीन आठवड्यांत क्लचचा संपूर्ण संच बदलून मिळाला, वॉरंटीही वाढवून मिळाली. गाडी आता घसरत नाही. आयोगाची पायरी चढावी लागली नाही. प्रत्येकाचं असं होईल असं नाही. पण नोटिशीच्या उत्तरात एक गोष्ट आम्ही मुद्दाम पाहिली. ‘नॉर्मल’ हा शब्द त्यात कुठेही नव्हता. तोंडी म्हणायला तो सोपा आहे, सहीशिक्क्यानिशी कागदावर लिहायला कुणी धजत नाही.

इथे थांबू.